कापलेली सम

"तुझा एक ठोका जास्त होतोय," ट्रॅक जुळवणारा मुलगा हेडफोन मानेवर उतरवत म्हणाला.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते, दुसऱ्या दिवशी शूट होतं आणि गोरेगावच्या एका स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून मी त्याला कथकमधली तिहाई समजावत होते. ५ मात्रांचा तुकडा, १ मात्रा विसावा, परत तोच तुकडा, परत विसावा, परत तुकडा. बोटांवर मोजून दाखवलं, १७ होतात. तीनताल १६ मात्रांचा. ती सतरावी मात्रा जास्तीची नसते, पुढच्या आवर्तनातली पहिली असते. तिलाच सम म्हणतात. ती गाठायची म्हणून तर आधीचा सगळा खटाटोप. पोरगा सज्जन होता, त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हो, पण ट्रॅक सोळावर संपतो ना."

एका हिंदी डान्स शोमध्ये मी नऊ आठवडे होते. शोचं नाव सांगत नाही. करारात तसं लिहिलंय, आणि नावाने काही फरकही पडणार नाही. परत आल्यापासून लोक एकच विचारतात, कथकवर अन्याय होतो का गं तिथे? सुरुवातीला मी तावातावाने हो म्हणायचे. आता लगेच उत्तर देत नाही, कारण कथक आवडत नाही असा माणूस मला तिथे एकही भेटला नाही.

ऑडिशन मुंबईत होती. मिरजेहून रात्रीच्या गाडीने निघून पहाटे पाचला रांगेत उभी राहिले तेव्हा माझ्यापुढे तीन-चारशे पोरं असतील. सगळी उड्या मारत अंग मोकळं करत होती. मी एकटीच पिशवीतले घुंगरू वाजू नयेत म्हणून पिशवी छातीशी धरून उभी. फॉर्म मिळाला. त्यात 'स्टाइल'समोर चौकटी होत्या. हिपहॉपला एक, पॉपिंगला एक, लॉकिंगला एक, क्रम्पला एक, कंटेम्पररीला एक, बॉलीवूडला एक. अगदी तळाशी एक चौकट होती 'इंडियन क्लासिकल / फोक'. म्हणजे कथक, भरतनाट्यम, ओडिसी, लावणी, भांगडा, छाऊ सगळे एकाच खोलीत दाटीवाटीने. पॉपिंग आणि लॉकिंग मात्र वेगवेगळ्या फ्लॅटमध्ये. तेव्हा मला हसू आलं होतं. टिक केली आणि पुढे सरकले.

आपण टीव्हीवर बघतो ते परीक्षक पहिल्या फेरीत नसतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एका वर्गखोलीत क्रिएटिव्ह टीमचे दोघं लॅपटॉप घेऊन बसलेले असतात. ९० सेकंद मिळतात. आता कथकची सुरुवात होते थाटाने. नर्तक जवळजवळ स्तब्ध उभा असतो, मनगट हलतं, मान हलते, भुवई हलते, आणि मागे लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी धून, आपला विलंबित, संथ फिरत असतो. ९० सेकंदांत विलंबित तीनतालाची जेमतेम दोन-तीन आवर्तनं होतात. ते मला ठाऊक होतं, म्हणून मी थेट द्रुतमधला, वेगवान लयीतला तोडा, म्हणजे एक छोटी बांधलेली रचना, उचलला. मी थांबल्यावर त्यातला एक जण म्हणाला,

"चकरा किती घेतेस?"

"कुठल्या तोड्यात?"

"तोडा नाही गं. सलग. मॅक्सिमम."

मी २७ घेऊन दाखवल्या, नऊ-नऊच्या तीन, शेवटची समेवर. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. "पन्नास होतील?" झाल्या. पन्नासच्या पुढे गेले, भिंती फिरायला लागल्या, आणि त्यांनी टाळ्या वाजवून पिवळी चिठ्ठी दिली. आपली निवड कशावर झाली हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. पण निवड झाली होती ना! स्टेशनवर वडापाव खाताना मी आईला फोन केला आणि चकरांचा विषयच काढला नाही.

दुसऱ्या फेरीत घरची माहिती विचारली. बाबा एसटीत कंडक्टर. "त्यांचा विरोध होता?" नव्हता. उलट क्लासला सोडायला-आणायला तेच यायचे. "शेजारीपाजारी काही बोलायचे?" नाही. गंधर्व महाविद्यालयाची विशारद झाले तेव्हा शेजारच्या काकूंनीच पेढे वाटले होते. तो मुलगा पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. शेवटी बाबांच्या तिकिटाच्या मशीनवर माझं व्हिडिओ-आयुष्य उभं राहिलं, ते असो.

शाळेत असताना अशा कार्यक्रमांचं मला भयंकर वेड होतं. २००९ मध्ये 'डान्स इंडिया डान्स' सुरू झालं तेव्हा मी सहावीत होते. टेरेन्स, रेमो आणि गीता असे तीन मास्टर. एक कंटेम्पररीचा, एक हिपहॉपचा, एक बॉलीवूडची. तिघंही आपापल्या कामात पक्के. देशभरातली पोरं यांच्याकडे जाणार, आणि शास्त्रीयवाल्या पोरांनी कुणाकडे जायचं, हा प्रश्न सहावीतल्या मुलीला पडत नाही. मलाही पडला नव्हता. मी कॉलेजात होते तेव्हा, २०१६ मध्ये, 'सो यू थिंक यू कॅन डान्स'ची भारतीय आवृत्ती आली. त्यात सरळ 'स्टेज' आणि 'स्ट्रीट' असे दोन गट पाडले होते. मला ते फार न्याय्य वाटलं होतं. निदान मान्य तर केलं की सगळ्यांना एकाच फुटपट्टीने मोजता येत नाही! नंतर कळलं की फुटपट्ट्या दोन झाल्या तरी आमच्यासाठी वेगळी निघतच नाही. 'स्टेज' म्हटलं की आम्ही कंटेम्पररी आणि बॉलरूमच्या शेजारी उभे.

पहिल्या भागात माझं नृत्य झालं आणि एक परीक्षक उठून उभे राहिले. बोलण्याआधी त्यांनी कानाला हात लावला. "शास्त्रीयवर बोलण्याची माझी लायकी नाही," म्हणाले. दुसऱ्यांनी सांगितलं की ही आपली संस्कृती आहे आणि ती जपली पाहिजे. तिसऱ्यांनी हात जोडले. मी भारावून गेले. पडले साडेसात.

माझ्यानंतर नालासोपाऱ्याचा एक मुलगा होता, पॉपिंग करणारा, म्हणजे स्नायूंना झटके देत नाचणारा. त्याला साडेआठ पडले, पण मला लागलं ते वेगळंच. परीक्षक त्याच्याशी पाच मिनिटं बोलले. उजव्या खांद्याची हिट अर्धा काउंट उशिरा आली, डाव्या हाताची वेव्ह कोपरात तुटली, गुडघा लॉक होतो पण मान सैल राहते, ती बांध. एकाने तर उठून करून दाखवलं. तो मुलगा मान डोलावत ऐकत होता. त्या टीकेचा मला हेवा वाटला. माझे पाय कसे होते? हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली, स्वच्छ होत्या का? बोल पायातून स्पष्ट निघत होते की नुसता गलका होत होता? हे कोणी काही बोललंच नाही. ज्याच्या पाया पडतात त्याच्या चुका कोण काढणार?

तिसऱ्या आठवड्यात तर कहर झाला. पखवाजाच्या बोलांची परण झाली आणि तिच्या पुढच्या तिहाईत मी घसरले, अर्धी मात्रा मागे पडले आणि सम गेली. क्लासमध्ये असं झालं असतं तर मला शिकवणाऱ्या ताईंनी हातातलं काम थांबवून फक्त बघितलं असतं, आणि ती नजर मला आठवडाभर पुरली असती. मी लाजेने कानापर्यंत लाल होऊन उभी राहिले. समोर तिघंही उभं राहून टाळ्या वाजवत होते. "क्या फिनिश था!" म्हणाले. त्या आठवड्यात मला आठ पडले.

त्या रात्री झोप आली नाही. कोणी रागावलंच नव्हतं ना!

पहिल्या दिवसापासून आणखी एक गोष्ट आड येत होती, ती म्हणजे मोजणी. तिथे सगळं आठावर चालतं. फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट. वाक्य एकावर सुरू होतं, आठावर मिटतं. आमचं वाक्य पुढच्या एकावर मिटतं. ऐकायला फरक एकाच आकड्याचा आहे, पण अंगाला तो फार मोठा असतो. आठावर थांबायचं म्हणजे दारापर्यंत जाऊन उंबऱ्यावर पाय न ठेवता थबकायचं. शिवाय ट्रॅकची लय ठरलेली असते. तबलजी समोर असला की नजरेने बोलणं होतं. मी जरा ओढलं की तो थांबतो, मी झेप घेतली की तो पुढे येतो. आमच्या क्लासचे तबलजी काका तर माझ्या खांद्याकडे बघून ओळखायचे की ही आता तोडा टाकणार. ट्रॅकला खांदे दिसत नाहीत. मी एकदा विचारलं, महिन्यातून एकदा तरी तबला प्रत्यक्ष साथीला मिळेल का? बजेट नाही, असं उत्तर आलं, आणि ते खोटं असेल असं मला वाटत नाही.

मग जमीन. दिव्यांची फरशी असते, वर गुळगुळीत आच्छादन. बूट घालून नाचणाऱ्याला ती झकास. कथकची चक्कर टाचेवर फिरते. अनवाणी टाच त्या फरशीवर एक तर सरकते नाही तर चिकटते, आणि तासाभराने फरशी तापते. मी तळव्याला खडूची भुकटी लावून बघितली, तर कॅमेऱ्यात पांढरे डाग दिसतात म्हणून पुसायला लावली. घुंगरांना माइक नव्हता. पायातली वाक्यं सेटवर मला एकटीला ऐकू येत होती. प्रक्षेपणात बघते तर कुणीतरी वरून 'छन छन' असा आवाज टाकलेला, आणि तोही मी नुसती उभी आहे तिथे! जिबवरचा, म्हणजे लांब दांड्यावरचा कॅमेरा वरून घारीसारखा यायचा तो नेमका चकरांना. पायांचं काम सुरू झालं की परीक्षकांचे चेहरे. बरं, कॅमेरावाल्याचा तरी काय दोष? पाय एकाच जागी असतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मुलगी उभी आहे.

एकदा नृत्यदिग्दर्शकांशी माझा चांगलाच वाद झाला. दर आठवड्याला ते मला ड्रॉपवर, म्हणजे संगीत धाडकन चढतं त्या जागी, चकरा देत होते. मी म्हटलं, सर, कथकमध्ये ऐटदार चालीची गत आहे, भाव आहे, ठुमरीच्या एका ओळीवर बसून करायचं काम आहे. ते शांतपणे म्हणाले, "तुझं कथक देवळात होतं, मग दरबारात गेलं, मग कोठ्यावर, मग तिकीट लावून थिएटरात. दर वेळी घर बदललं, दर वेळी थोडं बदललं. मग टीव्हीवर आल्यावरच का सोवळं नेसतेस?" मला उत्तर सुचलं नाही. पुण्यात रोहिणीताई भाट्यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली तेव्हा त्यांनीही कथकला नवं घरच दिलं होतं. माझ्या ताई त्यांच्या शिष्येच्या शिष्या. आत्ता उत्तर आहे, पण ते सर आता कुठे भेटणार? दरबारात आणि थिएटरात समोर बसलेल्याला सम कळत होती. निदान कळत नसेल तर शेजारच्याची मान हललेली दिसत होती.

माझ्या खोलीत राहणारी मुलगी लावणीची होती. तिची आई संगीतबारीत, म्हणजे लावणीच्या फडात, नाचायची. खरं सांगते, पहिले दोन आठवडे मी तिच्याशी अंतर ठेवून वागले. शास्त्रीयवाल्यांच्या अंगात हे असतंच, आपण वरच्या माडीवरचे. तिच्या पायातले चाळ माझ्या घुंगरांपेक्षा वजनदार होते, हे तिचे चाळ उचलून कपाटात ठेवताना मला कळलं. कपडेपटाने तिला शिवलेली नऊवारी दिली होती, चेनची. तिने ती खुर्चीवर ठेवली आणि स्वतःची काढून पाच मिनिटांत चापूनचोपून नेसली. "चेन तुटली तर कुनाच्या तोंडाकडं बघू?"

तिला बैठकीची लावणी करायची होती. एका जागी बसून, एकाच ओळीवर, नजरेने आणि हाताने, ओळ दर वेळी नवी करत. एका रात्री तिने पलंगावर बसून मला करून दाखवली. पदर सावरण्याची एकच क्रिया, चार वेळा, चार वेगळ्या बायका. मी दहा वर्षं भाव बतावण्याचे धडे घेतलेत, आणि मी तोंड उघडं टाकून बघत होते. दिग्दर्शकीय टीमने तिला सांगितलं, बसून काय करणार, उठ, ढोलकीवर ठसका दे. ती मला म्हणाली, "वाईच्या यमुनाबाईंना दोन हजार बाराला पद्मश्री मिळाली, ती काय उड्या मारून?"

तिच्या प्रत्येक नृत्याआधी सूत्रसंचालक डोळा मारून काहीतरी बोलायचा. परीक्षक शिट्टी वाजवायचे. एकदा एकाने नोट काढून ओवाळल्याचा अभिनय केला आणि सगळे हसले. तीही हसली. खोलीत आल्यावर चाळ सोडता सोडता मला म्हणाली, "तुज्या पाया पडत्यात, मला शिट्ट्या मारत्यात. मार्कं दोघींना साडेसातच. मग फरक काय गं?"

सहाव्या आठवड्यात ती गेली. निरोपाच्या व्हीटीत, म्हणजे जमवलेल्या दृश्यांच्या छोट्या फितीत, तिची शिट्टीवालीच दृश्यं होती.

सातवा आठवडा 'कम्फर्ट झोन'च्या बाहेर पडण्याचा. जोड्या पाडल्या, मी पॉपिंग करायचं आणि नालासोपाऱ्याच्या त्या मुलाने कथक. तो चार आठवडे पॉपिंगच करत होता, त्याला 'सिग्नेचर' म्हणत. मी तीन आठवडे कथक केल्यावरच मला 'आता काहीतरी वेगळं दाखव' सुरू झालं होतं. मुलगा मात्र हिरा. आमच्याकडची पोरं अमेरिकेतली 'वर्ल्ड ऑफ डान्स' स्पर्धा जिंकून आली २०१९ ला, हे तो दिवसातून एकदा तरी सांगायचा. कुठल्या क्लासला कधी गेलेला नाही, फोनवर बघून शिकलेला. त्याला मी तिहाई म्हणून दाखवली. त्याने डोळे मिटले, मांडीवर तीनदा वाजवली आणि म्हणाला, "अच्छा, म्हणजे तुम्ही एकावर घर करता. आम्ही आठावर गेट लावतो." मी नऊ आठवड्यांत ऐकलेलं कथकवरचं सगळ्यात शहाणं वाक्य हेच.

शूटला त्याचे हात चुकले, उभं राहणं चुकलं, नमस्कारसुद्धा चुकला. चार दिवसांत दुसरं काय होणार? परीक्षकांनी त्याला दहा दिले. हिपहॉपवाला असून त्याने आपल्या परंपरेचा मान राखला म्हणून. माझं पॉपिंग बरं झालं होतं, पण त्यात 'क्लासिकलची छाप' राहिली म्हणून सात. मेकअप रूमच्या बाहेर तो माझी वाट बघत उभा होता. "दहा नव्हते यार ते. पाच पण नव्हते." मी म्हटलं, हात साडेतीनचे होते. तो खळखळून हसला, आणि मग आम्ही कॅन्टीनमध्ये बसून त्याचे हात दुरुस्त केले. त्याचा आता उपयोग नव्हता, तरी केले.

आणि तरी मी साळसूदपणा करत नाही. आठव्या आठवड्यात तळात होते तेव्हा मी स्वतः जाऊन म्हटलं, सर, चकरा घालू या. १०० घातल्या. चक्कर चांगली घेता येणं ही काही खोटी गोष्ट नाही, वर्षं लागतात त्याला. पण मी त्या घेतल्या मतांसाठी, आणि मतं मिळाली. आजही रस्त्यात लोक ओळखतात ते 'ती शंभर चकरावाली' म्हणून. एक छोटी मुलगी परवा आईचा हात सोडवून माझ्यासमोर गिरक्या घ्यायला लागली. गोड होती.

तर शेवटच्या आठवड्यातली ती रात्र. ट्रॅकवाल्या मुलाला मी माझ्या फोनवरचं काकांच्या तबल्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्याने तीनदा ऐकलं. मग काही न बोलता त्यातला एक 'धा' उचलला आणि ट्रॅकच्या शेवटी, सोळाच्या पुढे चिकटवला. दुसऱ्या दिवशी सेटवर तो 'धा' आला आणि माझा पाय त्यावर पडला. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा मला उंबरा ओलांडल्यासारखं वाटलं. त्याच दिवशी मी बाहेर पडले.

तो भाग मी मिरजेला, ताईंच्या घरी बघितला. आई-बाबा, क्लासच्या सातआठ मुली, तबलजी काका, सगळे दाटीने बसलेले. ताईंनी आधीचा एकही भाग पाहिला नव्हता. त्यांच्याकडे टीव्ही आहे तो बातम्यांसाठी. तिहाई सुरू झाली. पहिला तुकडा, दुसरा, तिसरा, आणि सोळावर दृश्य कापून परीक्षक उठताना दिसले. टाळ्या. माझी सम संपादनात गेली होती.

खोलीत ताईंचा तळवा खुर्चीच्या हातावर पडला. धा. तिकडे कोपऱ्यात काकांचंही बोट गुडघ्यावर त्याच क्षणी पडलेलं मी बघितलं. कोणी काही बोललं नाही. निरोपाची व्हीटी सुरू झाली, आई डोळे पुसायला लागली, मुली एकमेकींना चिमटे काढत माझ्याकडे बघत राहिल्या.

जाहिरात लागल्यावर ताईंनी चष्मा काढून पुसला.

"उद्या सकाळी सातला ये," त्या म्हणाल्या. "पाय बिघडलेत तुझे. आठावर थांबायला लागलीस."